चष्म्याच्या डबीनं मंजूर

विद्यापीठाच्या सिंडिकेटवर विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी घेतात, हे मला स्वतःला निवडून येईपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. आम्ही सतत पत्रकं काढायचो आणि प्रत्येकात 'सिंडिकेटची मनमानी' हे शब्द असायचेच. पण हे सिंडिकेट कुठल्या खोलीत बसतं, तिथं कोण असतं, विद्यापीठाचा कारभार ते नेमका कसा हाकतं, हे आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. न पाहता धिक्कार करायला काही अडत नाही. पाहिल्यावर जरा अडतं.

हे जयपूरला घडलं, चारपाच वर्षांपूर्वी. माझे वडील रेल्वेत गार्ड. गाव अमळनेरकडचं. बदली होऊन आम्ही जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आलो तेव्हा मी चौथीत होते. त्यामुळे माझी मराठी घरापुरती, हिंदी बाहेरची आणि संताप दोन्हींत चालणारा. पुढे जी माणसं येतील ती इथं मराठीत बोलतील, पण घराबाहेरचं सगळं प्रत्यक्षात हिंदीतच झालं. जिथं हिंदी सोडवली नाही तिथं मी ती तशीच राहू दिली आहे.

पत्रकं छापखान्यात छापायची आमची ऐपत नव्हती. राजा पार्कात एका सरदारजींच्या दुकानात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, तिथं काढायचो. मजकूर स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं मीच कोरायची. 'धिक्कार' हा शब्द मी इतका दाबून लिहायची की तेवढ्याच जागी स्टेन्सिल फाटायचं आणि शाई गळायची. त्यामुळे आमच्या प्रत्येक पत्रकावर ऐन धिक्काराच्या जागी एक काळा डाग यायचा. सरदारजी म्हणायचे, "बेटा, गुस्सा थोड़ा कम किया कर. तेरा तो जी हल्का हो जाता है, मशीन मेरी ख़राब होती है."

आता मुद्द्याचं. माझी एक मैत्रीण बस्सीहून कॉलेजला यायची. बस्सी आग्र्याच्या रस्त्यावर, मधे घाट, बस दर थांब्यावर भरत भरत येणारी. आम्ही दोघी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला एकाच टेबलावर. ती बेडूक असा उघडायची, जशी माझी आई मटाराची शेंग उघडते. आतलं सगळं जागच्या जागी. माझ्या ताटलीत मात्र दंगल होऊन गेल्यासारखं दिसायचं. सर तिच्या ताटलीपाशी थांबायचे आणि माझ्या ताटलीवरून पुढे जायचे.

आमचं प्रात्यक्षिक दुपारी सुरू होऊन संध्याकाळी सुटायचं. उन्हाळ्यात त्याचं काही वाटायचं नाही. पण दिवाळीनंतर दिवस लहान होतो. ती बस पकडून घाटातून बस्सीला पोचेपर्यंत मिट्ट काळोख. आदल्या हिवाळ्यात तिचे वडील रोज संध्याकाळी हातात टॉर्च घेऊन बसथांब्यावर उभे राहिले. थांब्यावरच्या चहावाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी त्यांना विचारून घेतलं की मुलगी शिकतेय की चौकीदाराची नोकरी तुम्हालाच लागलीय. माणूस वाईट नव्हता. त्यांनीच तिला विज्ञानाला घातलं होतं, भावांशी भांडून. पण या वर्षी त्यांनी सांगून टाकलं: दिवाळीपर्यंत जा. त्यानंतर दिवेलागणीला घरात दिसली नाहीस तर कॉलेज बंद.

उपाय सोपा होता. मुलींचं प्रात्यक्षिक सकाळी घ्यायचं आणि सकाळचं मुलांचं दुपारी न्यायचं. विभागप्रमुखांना विचारलं. त्यांना काही अडचण नव्हती, वेळापत्रकही त्यांनी कागदावर मांडून दिलं. फक्त म्हणाले, "प्रयोगशाळा विद्यापीठाची आहे. वेळ बदलायची तर सिंडिकेटनं म्हणायला हवं." मी नुकतीच सिंडिकेटवर निवडून आले होते. मी तिथल्या तिथे तो विषय लिहून कार्यालयात दिला आणि त्याच दिवशी राजा पार्कात जाऊन पत्रक कोरलं. मथळा, 'बस्सी की बेटी का सवाल'. नाव अर्थातच नव्हतं घातलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली ती पत्रकाची घडी हातात घेऊनच.

"नेताजी, बस्सीहून या कॉलेजात किती मुली येतात?"

"तू."

"मग नाव न घालून काय मोठे उपकार केलेस? आज कंडक्टर म्हणाला, आइए, बस्सी की बेटी, आपका सवाल हल हुआ?"

"अगं, लोकांपर्यंत प्रश्न पोचला पाहिजे."

"बसपर्यंत पोचलाय. आता सिंडिकेटपर्यंत पोचव, आणि हे बघ," तिनं माझ्या हातावर हात ठेवला, "तिथं थोडं बोल. तू बोलायला लागलीस की समोरच्याला तुझं म्हणणं पटलेलं असलं तरी त्याला भांडावंसं वाटतं."

मी हसले. मैत्रिणी असं बोलतातच.

सभेच्या दिवशी आईनं माझा खादीचा कुडता लपवून ठेवला आणि तिची मोतिया रंगाची साडी पुढे केली. "साडी नेसलेल्या बाईचं लोक मतलब ऐकून तरी घेतात," ती म्हणाली. आमच्या घरच्या मराठीत 'मतलब' कुठंही बसतो. वडील रात्रीची गाडी घेऊन नुकतेच आले होते. पायातले बूट काढत म्हणाले, "काय वं, आज सरकार पाडणार का?"

"सरकार नाही, वेळापत्रक बदलायचंय."

"मग अवघड आहे. सरकार पडतं, वेळापत्रक बदलत नाही. आमच्या खात्यात बघतोच की."

सिंडिकेटची खोली मला वाटली होती तेवढी भयंकर निघाली नाही. लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, भिंतीवर माजी कुलगुरूंच्या तसबिरी. सगळ्या तसबिरींतला चेहरा एकच, कुणीतरी वेळ विचारल्यासारखा. माझी खुर्ची टेबलाच्या पार टोकाला, कूलरच्या शेजारी. कूलर घरघरला की मला ऐकू यायचं नाही आणि थांबला की मला उकडायचं. हे जागावाटप मी मनातल्या मनात पत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात टाकून दिलं.

कुलगुरू उंच, सावकाश बोलणारे. त्यांच्या उजव्या हाताला मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्याबाई, कोटा साडीतल्या, पर्समधून सारखी बडीशेप काढून खाणाऱ्या. समोर एक वकीलसाहेब, सिंडिकेटवरचे जुने सभासद, डोळे मिटून बसलेले. बाकीचे दहाबारा जण फायलींमागे. कामकाज सुरू झालं. कुलगुरूंनी पहिल्या विषयाचं नाव वाचलं, क्षणभर चष्म्यावरून टेबलभर नजर फिरवली. कुणी वर पाहिलं नाही. त्यांनी समोरची चष्म्याची डबी उचलून टेबलावर टक्‌ करून आपटली आणि पान उलटलं.

दुसरा विषय. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं गळकं छप्पर. नजर, शांतता, टक्‌, पान. तिसरा विषय, कुणाची तरी नेमणूक. टक्‌, पान.

माझं रक्त तापायला लागलं. छप्पर गळतंय आणि या लोकांना त्यावर एक शब्द बोलावासा वाटत नाही. विषय वाचायचा, कुणी बोलायच्या आत डबी आपटायची आणि पुढे निघायचं. दर वेळी टक्‌ झालं की मी कागदावर फुली मारत होते, आणखी एक प्रश्न दाबला. सकाळभरात कागद फुल्यांनी भरला. मधेच एका विषयावर मात्र चांगली चर्चा झाली. नवीन सायकल स्टँडचा विषय होता. एका सभासदांनी त्यावर काही सुचवलं, कुलगुरू मनापासून ऐकत होते. म्हणाले, "बहुत ही सुंदर सुझाव है. इस पर तो गहराई से विचार होना चाहिए." समिती नेमली. मला बरं वाटलं. निदान एका प्रश्नाला न्याय मिळाला असं समजून मी त्या विषयापुढे बरोबरची खूण केली.

मग माझा विषय आला. 'प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनींच्या प्रात्यक्षिकांची वेळ सकाळी करणे.' कुलगुरूंनी वाचलं. नजर फिरवली. प्राचार्याबाई बडीशेप चघळत छताकडे बघत होत्या. वकीलसाहेबांचे डोळे मिटलेले. टक्‌.

कुलगुरूंनी पान उलटायला हात लावला आणि मी उभी राहिले.

"सर, हा विषय असा दाबता येणार नाही."

कूलर नेमका त्याच वेळी थांबला होता, त्यामुळे माझा आवाज खोलीभर गेला. कुलगुरूंचा हात पानावरच राहिला. "दाबता?" ते म्हणाले.

"चर्चा झालीच पाहिजे," मी म्हटलं, आणि सुरू झाले. माझ्याकडे भाषण तयार होतं. पत्रकवाल्याकडे भाषण तयारच असतं. मी खेड्यातल्या मुलींपासून सुरुवात केली, तिथून स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर गेले, तिथून राज्यातल्या बससेवेवर, मग अर्थसंकल्पावर, मग पुन्हा बस्सीवर. मधे एकदा प्राचार्याबाई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. मला वाटलं, दाद देतायत. मी आवाज वाढवला.

वकीलसाहेबांनी डोळे उघडले. हे मला विजयाचं पहिलं लक्षण वाटलं. ते म्हणाले, "एक मिनट. सकाळी मुली उपाशीपोटी येणार. त्या फॉर्मेलिनच्या वासात चक्कर आली तर जबाबदारी कुणाची?" मी म्हटलं, दुपारी जेवून येऊनही तो वास नाकातच जातो. ते म्हणाले, सकाळी मुलींना घरकाम असतं. मी म्हटलं, मुलांना का नसतं. एका डीनसाहेबांना आठवलं की सकाळी तिथं मुलांचं प्रात्यक्षिक असतं. आणखी एकांना वाटलं की मग वनस्पतिशास्त्रवालेही मागणी करतील. सकाळपासून न बोललेली माणसं बोलायला लागली. खोलीत जान आली. लोकशाही म्हणतात ती हीच, असं मला वाटलं, आणि मी प्रत्येकाला उत्तर देत राहिले.

शेवटी कुलगुरूंनी हात वर केला. माझ्याकडे बघून म्हणाले, "आज आपने हम सबकी आँखें खोल दीं. इतका गंभीर विषय आम्ही घाईत संपवत होतो. यावर गहराई से विचार होना चाहिए." त्यांनी वकीलसाहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अहवाल पुढच्या सत्राआधी. डबी त्यांनी या वेळी वाजवली नाही. हळूच बाजूला ठेवली.

मी खाली बसले. कागदावर मी मोठी बरोबरची खूण काढली, दोनदा गिरवली.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात कांद्याच्या कचोऱ्या आणि चहा होता. मी कचोरी हातात घेऊन खांबाला टेकून उभी होते. कुणी अभिनंदन करायला आलं तर सोपं जावं म्हणून जरा मोकळ्या जागी. प्राचार्याबाई आल्या.

"बेटी, हे काय करून बसलीस?"

"का मॅडम? समिती नेमली ना."

"तेच म्हणतेय. तुझा विषय मंजूर झाला होता."

"कधी?"

"डबी वाजली तेव्हा."

मी कचोरी खाली ठेवली. "पण कुणी एक शब्द बोललं नाही."

"म्हणूनच तर मंजूर झाला. सर विषय वाचतात, कुणाला हरकत नसली की कुणी वर बघत नाही, सर डबी वाजवतात. कार्यालयातला माणूस 'मंजूर' लिहून टाकतो. छप्पर मंजूर झालं, नेमणुका मंजूर झाल्या. तुझा विषय सरळ जावा म्हणून मी सकाळीच दोघातिघांना सांगून ठेवलं होतं. वकीलसाहेबांना मुद्दाम सांगितलं नव्हतं, म्हटलं झोपलेत ते बरं आहे. तू त्यांना जागं केलंस."

मला फुल्यांनी भरलेला कागद आठवला.

"आणि सरांनी माझं एवढं कौतुक केलं ते?"

"आमच्या सरांनी कौतुक केलं की समजायचं, काम गेलं. मागच्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या विहिरीचं फार कौतुक झालं. अजून टँकर येतो." त्यांनी शांतपणे कचोरीचा तुकडा मोडला. "वकीलसाहेबांची समिती पुढच्या सत्राच्या आधी काही भरत नाही. मग तुझ्या त्या बस्सीच्या मुलीचं काय?"

दिवाळी तोंडावर आली होती. मला बसथांब्यावरचा टॉर्च डोळ्यांसमोर दिसला, आणि मग टॉर्च नसलेला थांबा.

पण खोटं कशाला बोलू, त्याही क्षणी मला आधी रागच आला. "मंजूर झालं तर 'मंजूर' म्हणावं ना माणसानं. ही काय पद्धत झाली? नव्या माणसाला कळणार कसं? हे कुठं लिहून का ठेवत नाहीत?"

"लिहून ठेवलं तर तू त्याचं पत्रक काढशील," बाई म्हणाल्या. "आता ऐक. जेवणानंतर सर विचारतात, सकाळच्या कामकाजावर कुणाला काही म्हणायचंय का. कधीच कुणाला काही म्हणायचं नसतं. तू म्हणायचंस, मी माझं म्हणणं मागे घेते. तुझं म्हणणंच नाही तर चर्चा नाही, चर्चा नाही तर समिती नाही. विषय जिथं होता तिथं परत जाईल."

"मागे घेऊ?"

"उभी राहू नकोस. बसूनच म्हण. तू उभी राहिलीस की लोक फायली बंद करून ऐकायला बसतात."

"कारण नको सांगायला?"

"अजिबात नको. कारण सांगायला लागलीस की पुन्हा बस्सीवरून अर्थसंकल्पावर जाशील." त्यांनी माझ्या तळहातावर मूठभर बडीशेप ओतली. "हे घे. वाक्य संपलं की तोंडात टाक."

आमच्या संघटनेत 'माघार' हा शब्द फक्त प्रशासनासाठी राखीव होता. 'प्रशासनाची माघार', 'कुलसचिवांची शरमिंदी माघार' असे मथळे मीच लिहिले होते. आमच्यातल्या कुणी माघार घेतली तर त्याच्याशी चहा बंद. मी व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी पुढे 'पण' यायचा. तो 'पण' तोडायला मला कचोऱ्यांची सगळी सुट्टी लागली.

सभा पुन्हा बसली. कुलगुरूंनी सवयीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डबीकडे हात नेला.

"सर," मी बसूनच म्हटलं. "मी माझं सकाळचं म्हणणं मागे घेते."

कूलर घरघरत होता. मला पुन्हा म्हणावं लागलं. एकदा म्हणणं पुरे झालं असतं.

कुलगुरूंनी चष्मा काढून हातात धरला. "माघार? आपल्या पत्रकांमध्ये हा शब्द आमच्या संदर्भातच वाचलेला आहे."

म्हणजे वाचत होते तर. आम्हाला वाटायचं, शिपाई गोळा करून रद्दीत टाकतो. मी सुखावले आणि ओठांवर तीन वाक्यं तयार झाली. मी प्राचार्याबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या. मी बडीशेप तोंडात टाकली.

"तिथं काळे डाग फार असतात," कुलगुरू पुढे म्हणाले. "छपाई कुठं करता?"

मी चघळत राहिले. टेबलावर कुणीतरी हसू दाबलं.

अडचण वकीलसाहेबांची होती. त्यांना समिती आवडली होती. कुणाला घ्यायचं तेही त्यांनी जेवताना ठरवून टाकलं होतं. ते म्हणाले, "असं कसं मागे घेता येईल? सभागृहाचा वेळ गेला, मुद्दे आले."

"मुद्दे त्यांच्या म्हणण्यावर आले होते, वकीलसाहेब," प्राचार्याबाई म्हणाल्या. "म्हणणंच राहिलं नाही. न्यायालयात दावाच काढून घेतला तर तुम्ही युक्तिवाद चालू ठेवता का?"

वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना संध्याकाळच्या गाडीनं कोट्याला जायचं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण माझी एक शर्त आहे. उरलेल्या विषयांवर या बाईसाहेब बोलणार नाहीत. सकाळसारखं प्रत्येक विषयावर झालं तर माझी गाडी चुकेल."

सगळे मनमोकळं हसले. कुलगुरू माझ्याकडे वळले. "मान्य?"

माझ्यापुढे विषयपत्रिका उघडी होती. पुढचाच विषय होता, अतिथिगृहासाठी नवे गालिचे. या गालिच्यांवर आम्ही आधीच एक अख्खं पत्रक काढलं होतं. वसतिगृहाला टँकरनं पाणी आणि पाहुण्यांच्या पायाखाली गालिचे. त्या दिवशी सभेत मी दुसरं कशासाठी नाही तर याच विषयासाठी भाषणाचं दुसरं पान लिहून आणलं होतं.

मी मान हलवली.

टक्‌. प्राणिशास्त्राचं पान उलटलं.

मग गालिचे आले. कुलगुरूंनी विषय अगदी सावकाश वाचला. वाचून झाल्यावर डबी उचलली आणि तशीच हवेत धरून ठेवली. सकाळभर कुठल्याच विषयाला त्यांनी इतकी सवड दिली नव्हती. ते माझ्याकडे बघत होते, मोठ्या प्रेमानं. दहाबारा जण फायलींवरून माझ्याकडे बघत होते. वकीलसाहेब तर पूर्ण जागे होते. मी टेबलाखाली भाषणाच्या पानाचा चोळामोळा केला आणि बडीशेपेचा उरलेला सगळा घास एकदम तोंडात कोंबला. चघळण्याचा आवाज मलाच मोठा वाटत होता.

टक्‌.

तेव्हा कळलं की सकाळी छप्पर ज्या शांततेत झालं, प्रात्यक्षिक ज्या शांततेत झालं, त्याच शांततेत गालिचेही होतात, आणि या वेळी त्या शांततेत माझाही वाटा होता. याचा मला आजही राग येतो. मैत्रिणीचं काम झालं म्हणून ती पद्धत चांगली ठरत नाही. विहिरीसाठी असं कुणी गप्प बसलं नाही, एवढाच त्यातला फरक.

निघताना दारात कुलगुरू थांबले. "आज फार छान बोललात," ते म्हणाले. माझा चेहरा पडलेला बघून लगेच म्हणाले, "दुपारचं म्हणतोय. सकाळचं नाही."

घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते ताट समोर घेऊन बसले होते, घास हातातच राहिला. "म्हणजे सिग्नल पडला होता, झेंडी हिरवी होती, अन् तू इंजिनावर चढून ड्रायव्हरला गाडी का थांबवली म्हणून विचारून राहिली होती?"

"मला कसं कळणार, बाबा? तिथं झेंडी नाही, डबी आहे."

"आमच्याकडे नवा माणूस आला तर आधी खुणा शिकवतो आम्ही, मग गाडीवर घालतो."

"तेच मी म्हणतेय. मला कुणी शिकवलं?"

"तू कुणाला विचारलं, माय?" वडील म्हणाले आणि जेवायला लागले. आई आतून म्हणाली, "साडीला हात पुसला का गं? हा तेलाचा डाग कसला?"

मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधी तिनं विश्वासच ठेवला नाही. वेळ बदलली यावर ठेवला, पण मी गालिच्यांवर गप्प बसले यावर नाही. मला तीनदा विचारलं. मग तिनं काही न बोलता माझ्या ताटलीतला बेडूक आपल्याकडे ओढला आणि नीट उघडून दिला. त्या दिवशी सर माझ्याही ताटलीपाशी थांबले.

दिवाळीच्या आधी तिचे वडील कॉलेजच्या फाटकाशी आले. डोक्याला पांढरा साफा, खांद्यावर पिशवी. सूचनाफलकावरचं वेळापत्रक त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं, मग मैत्रिणीकडून वाचून घेतलं, दोन्ही जुळतात का ते पाहिलं. "आता हे बदलणार तर नाही ना?"

"नाही, काकाजी."

"मुलगी सांगते, तुम्ही बोललात तर बदलेल."

"मी बोलणार नाही."

त्यांनी पिशवीतून गुळाची ढेप काढून माझ्या हातावर ठेवली. मैत्रीण तोंड फिरवून हसत होती.

गालिच्यांचं पत्रक मी नंतर काढलंच. अट सभेपुरती होती, राजा पार्कापुरती नव्हती. त्यात विहिरीचाही विषय घातला आणि 'डबी वाजली की समजा' अशी एक चौकट टाकली, पुढच्या प्रतिनिधीसाठी. सरदारजींनी पहिली प्रत उजेडात धरून पाहिली. "इस बार धिक्कार पूरा छपा है," म्हणाले. "तबीयत ठीक है ना?"

मग हिवाळा आला. प्रात्यक्षिक सकाळी, म्हणून बस्सीहून पहिली बस. घाटात धुकं इतकं की कंडक्टर पायरीवर उभा राहून ड्रायव्हरला रस्ता सांगायचा. त्याआधी हिला म्हशीचं दूध काढून, चूल पेटवून निघायचं असायचं. ती शालीत गुंडाळलेली, पापण्यांवर दव घेऊन प्रयोगशाळेत शिरायची. बेडूक थंडीनं लाकडासारखे झालेले, चिमटा हातात धरवत नसे. दिवेलागणीच्या कितीतरी आधी ती घरी पोचायची, टॉर्च खुंटीवर टांगलेला. आणि रोज सकाळी ती आली की पहिलं काम एकच करायची. दोन्ही हात शालीतून काढून, बर्फासारखी बोटं माझ्या मानेवर ठेवायची आणि मी ओरडेपर्यंत काढायची नाही.

"नेताजी," ती म्हणायची, "पुढच्या सभेत सूर्य लवकर उगवायचा विषय ठेव. आणि डबी वाजली की उभी राहू नकोस."